‘विंटर्स बार्क’ म्हणजे हिवाळी साल नव्हे

चिलीच्या जंगलांवरचा एक लेख मराठीत आणताना एका वाचकाला दोन नावं अडली आहेत. तिथल्या एका झाडाच्या सालीला इंग्रजीत ‘विंटर्स बार्क’ म्हणतात; तिला ‘हिवाळी साल’ म्हणावं का, आणि त्याच झाडाच्या ‘कानेलो’ या स्पॅनिश नावासाठी ‘दालचिनी’ चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत.

यातला विंटर म्हणजे ऋतू नाही, माणूस आहे. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या पृथ्वीप्रदक्षिणेत ‘एलिझाबेथ’ हे जहाज जॉन विंटरच्या ताब्यात होतं. १५७८ साली वादळात त्याची ड्रेकशी ताटातूट झाली. तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या मॅजेलनच्या सामुद्रधुनीत मागे फिरला आणि तिथल्या या झाडाची साल त्याच्या खलाशांनी स्कर्व्हीवर, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या रोगावर, वापरली. पुढच्या वर्षी ती साल इंग्लंडात पोचली आणि त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ‘द्रिमिस विंटेरी’ या शास्त्रीय नावातही तोच आहे. ‘द्रिमिस’ मूळचा ग्रीक, अर्थ तिखट, झोंबणारं. सालीची चव अगदी तशीच. शिवाय झाड सदाहरित, पानं वरून चकचकीत आणि खालून पांढुरकी, फांद्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे झुबके. हिवाळ्याशी त्याचा काहीच संबंध नाही.

‘कानेलो’ मात्र खरोखर दालचिनीवरूनच आलं. स्पॅनिशमध्ये दालचिनी म्हणजे ‘कानेला’. सुगंधी, तिखट साल पाहून स्पॅनिश लोकांनी ओळखीचं नाव चिकटवलं. आपली ‘दालचिनी’ तरी कुठली? फारसी ‘दारचीनी’, म्हणजे चिनी लाकूड. पण मराठीत हा शब्द आता एकाच मसाल्यावर पक्का बसलाय. ‘अँडीजच्या उतारावर दालचिनी फुलली होती’ असं लिहिलंत तर वाचकाला वेगळंच झाड दिसेल. दालचिनी तमालपत्राच्या कुळातली, कानेलोचं कूळच निराळं.

तेव्हा सरळ ‘कानेलो’ लिहा, पहिल्या उल्लेखात ‘तिखट सालीचा, पांढऱ्या फुलांचा वृक्ष’ अशी ओळख द्या. ‘फोटो’सारखा पुल्लिंगी चालवता येतो: कानेलोचा, कानेलोला. सालीला ‘विंटरची साल’. आणि लेखात मापुचे या चिलीतल्या मूळ रहिवासी लोकांचा भाग असेल, तर तिथे त्यांचा ‘फोये’ हाच शब्द ठेवा, असा माझा आग्रह आहे. त्यांच्यासाठी हा पवित्र वृक्ष आहे. ‘माची’, म्हणजे त्यांच्यातली वैदू-पुरोहित, विधीत त्याच्या फांद्या वापरते, आणि तहाच्या बोलण्यांत याची फांदी शांततेची खूण असे. अशा प्रसंगी स्पॅनिशांनी दिलेलं मसाल्याचं नाव फार तोकडं पडतं.