पहिलटकरीण माऊ

अगं, तुझी माऊ पहिल्यांदाच गाभण आहे म्हणून घाबरू नकोस. मांजर साधारण 63 ते 65 दिवसांत विते. तुझी माऊ स्वतःच अजून वाढतेय, म्हणून तिला आत्तापासून पिल्लांचंच खाणं दे, थोडं थोडं, चार-पाचदा. खोक्यात जुनी सुती साडी घालून ठेव. (तरी ती तुझ्या कपाटातच विणार, आमचीने तेच केलं!) जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, तर थेट डॉक्टर गाठ. पहिलटकरीण कधी गोंधळते. पिल्लाच्या नाकावरची पिशवी तिने चाटून काढली नाही, तर तू मऊ फडक्याने पूस. पिल्लं गार पडू देऊ नकोस. गाईचं दूध अजिबात नको, मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते. आणि बोक्याला लांब ठेव, पाजतानाही ती पुन्हा गाभण राहते.