वाचकांचे प्रश्न : चोरसूचक अलार्म स्वतः बसवताना

घरफोडीची सूचना देणारा अलार्म स्वतः निवडून स्वतःच बसवू इच्छिणाऱ्या, किंवा बसवून झाल्यावर अडचणीत आलेल्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. प्रश्नांची भाषा थोडी आटोपशीर केली आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरीमुळे दिवसभर बाहेर असतो. घरासाठी अलार्म घ्यायचा आहे आणि तो स्वतः बसवायची तयारी आहे. तारांचा घ्यावा की बिनतारी? खरेदीपूर्वी काय पाहावे?

उत्तर : दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर घराचा साधा नकाशा काढा आणि किल्ली आत राहिली आहे असे समजून घराभोवती एक फेरी मारा. आत शिरायला आपल्याला स्वतःला जी जागा सर्वांत सोपी वाटेल, तीच चोरालाही वाटणार आहे. बहुतेक घरांत अशा जागा दोन किंवा तीनच निघतात : मागचे दार, जिन्यालगतची खिडकी, गच्चीचे दार. त्या नकाशावर ठळक करा, कारण सेन्सरची संख्या खोक्यावरच्या चित्रावरून ठरवायची नसते, ती या खुणांवरून ठरते.

त्याच फेरीत कडी-कोयंडेही तपासा. कुलपाची पट्टी चौकटीला आखूड स्क्रूंनी धरलेली असेल, तर दार एका लाथेत उघडेल आणि अलार्म फक्त ते उघडल्याचे सांगेल. लांब स्क्रू, मजबूत अडसर आणि खिडकीचे घट्ट बसलेले गज हे काम आधी करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. चोराला आत यायला जितका वेळ लागेल, तितकाच वेळ अलार्मच्या आवाजाला उपयोगी पडण्यासाठी मिळतो.

आता तारांचा प्रश्न. घराचे बांधकाम चालू असेल किंवा गिलावा उघडा असेल, तर तारांची यंत्रणा घ्या. तिच्या सेन्सरमध्ये बॅटरी बदलावी लागत नाही आणि रेडिओ लहरींतल्या अडथळ्यांचा तिला त्रास नाही. राहत्या, रंगवलेल्या घरात मात्र बिनतारीच सोयीची, आणि भाड्याच्या घरात तर तिला पर्याय नाही. बिनतारी घेताना एक गोष्ट नीट विचारून घ्या : सेन्सर आणि पॅनल (सेन्सरचे संदेश घेऊन सायरन वाजवणारी मुख्य पेटी) यांच्यातले संभाषण दुहेरी आहे का? ४३३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या अनेक स्वस्त संचांत सेन्सर संदेश सोडून मोकळा होतो. तो पॅनलपर्यंत पोहोचला की नाही, हे त्याला कळत नाही. शिवाय काहींचा रिमोट दर वेळी तोच संकेत पाठवतो, आणि असा संकेत हवेतून टिपून दुसऱ्या कोणालाही पुन्हा पाठवता येतो. म्हणून दुहेरी संपर्क, सांकेतिक रूपात जाणारे संदेश, ठरावीक वेळाने होणारी सेन्सरची हजेरी आणि बॅटरी उतरल्याची आगाऊ सूचना या चारही गोष्टी असलेला संच घ्या, मग त्यात सेन्सर दोन कमी मिळाले तरी चालतील. खोक्यावर ईएन ५०१३१ या युरोपीय मानकाचा उल्लेख असल्यास श्रेणी पाहा. १ ते ४ अशा श्रेणी असतात आणि सर्वसाधारण घराला दुसरी पुरेशी ठरते.

प्रश्न : बैठकीच्या खोलीत हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला आहे. घरात कोणी नसतानाही तो आठवड्यातून दोन-तीन वेळा सायरन वाजवतो. दोनदा बदलून आणला, तरी तेच. आता शेजारीही लक्ष देईनासे झाले आहेत.

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटले. विनाकारण वाजणारा अलार्म ही किरकोळ गैरसोय नसते. दोन-चार वेळा फसलेले शेजारी पाचव्या वेळी दार उघडत नाहीत आणि महिनाभरात घरचेही यंत्रणा चालू करायचे सोडून देतात. त्यामुळे इथे थोडे विस्ताराने लिहितो.

हा सेन्सर हालचाल अशी पाहतच नाही. तो उष्णता पाहतो. माणसाच्या शरीरातून अवरक्त किरण बाहेर पडतात, त्यांचा जोर साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. सेन्सरच्या तोंडावरचे पांढरे, दुधी प्लास्टिक म्हणजे फ्रेनेल भिंग. ते खोलीची विभागणी पंख्यासारख्या पसरलेल्या अनेक पट्ट्यांत करते. उबदार वस्तू एका पट्टीतून दुसरीत गेली की आतल्या संवेदकावर पडणारी उष्णता चढते-उतरते आणि त्या चढउतारालाच तो हालचाल समजतो. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, पट्ट्या आडव्या ओलांडणारा माणूस चटकन पकडला जातो, तर सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येणारा उशिरा. म्हणून सेन्सर दाराच्या समोर न लावता, दारातून येणारा माणूस त्याच्यापुढून आडवा जाईल अशा कोपऱ्यात लावावा. दुसरी अशी की, माणूस नसलेली पण झटकन तापणारी किंवा हलणारी उबदार वस्तूही त्याला फसवू शकते.

माझ्याच घरी हे घडले आहे. पहिला सेन्सर मी खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर बसवला, कारण तिथे स्क्रू मारायला सोपे होते. रोज दुपारी चारच्या सुमारास तो वाजायचा. मी संवेदनक्षमता कमी केली, सेन्सर बदलला, तरी फरक पडेना. शेवटी एका रविवारी खोलीत स्टूल टाकून बसलो आणि पाहिले : पश्चिमेचे ऊन पडद्यावर येई, पडदा चांगला तापे, आणि खिडकीच्या फटीतून वारा आला की तो तापलेला पडदा हात-दीड हात आत झुले. सेन्सरच्या दृष्टीने तो माणूसच होता. सेन्सर खिडकीच्याच भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून लावला, तेव्हापासून त्याची एकही तक्रार नाही.

आपणही आधी पॅनलमधली नोंद उघडून वेळा कागदावर उतरवा. वेळ रोज जवळपास तीच असेल तर ऊन तपासा. वातानुकूलन यंत्र किंवा हीटर सुरू होण्याच्या सुमारास असेल तर त्याचा झोत तपासा. रात्री अवेळी, कसलाही मेळ नसताना वाजत असेल तर भिंगावर चालणारा कोळी किंवा किडा हे कारण बहुधा निघते, कारण इतक्या जवळून तो सेन्सरला पुष्कळ मोठा भासतो. सेन्सरच्या पाठीमागे तार येण्यासाठी जे भोक असते ते पुष्कळजण उघडेच ठेवतात. त्यातून किडे आणि भिंतीतली हवा दोन्ही आत येतात. थोड्या सिलिकॉनने ते बुजवा. भिंग कोरड्या मऊ फडक्याने पुसा. उंची सामान्यतः २.१ ते २.४ मीटर ठेवतात, पण आपल्या संचाच्या पुस्तिकेत दिलेलीच उंची घ्या, कारण भिंगाच्या पट्ट्या त्या उंचीसाठी आखलेल्या असतात.

फार उष्ण हवेत उलट अडचण येते. खोलीच्या भिंती जवळजवळ शरीराइतक्या तापल्या की फरकच उरत नाही आणि सेन्सर मंद होतो. अशा ठिकाणी उष्णतेबरोबर सूक्ष्मलहरींनीही (मायक्रोवेव्ह) हालचाल टिपणारा दुहेरी सेन्सर घ्यावा. दोन्ही खुणा एकदम मिळाल्याशिवाय तो वाजत नाही. सूक्ष्मलहरी पातळ भिंतीतून आणि काचेतून पार जातात, तेव्हा त्यांचा पल्ला खोलीपुरता कमी करून ठेवा.

प्रश्न : घरात मांजर आहे. प्राण्यांना न जुमानणारा सेन्सर मिळतो म्हणतात. तो खात्रीचा असतो का?

उत्तर : जमिनीवरून फिरणाऱ्या प्राण्यापुरता असतो. अशा सेन्सरच्या पुस्तिकेत प्राण्याचे कमाल वजन दिलेले असते, परंतु ते प्राणी जमिनीवरच आहे असे गृहीत धरून असते. मांजर कपाटावर चढले की ते वरच्या पट्ट्यांत येते आणि सायरन वाजतो. मांजर असलेल्या घरात मी दारे-खिडक्यांवर, त्या उघडल्याचे कळवणारे चुंबकी सेन्सर लावून खोलीतला सेन्सर फक्त अशा बोळात ठेवीन, जिथे मांजराला चढायला काही नाही.

प्रश्न : मागच्या लोखंडी दाराला चुंबकी सेन्सर लावला आहे. दार बंद असूनही पॅनल कधी कधी 'उघडे' दाखवते. लाकडी दारावर तोच सेन्सर व्यवस्थित चालतो.

उत्तर : दोष सेन्सरचा नाही, लोखंडाचा आहे. या सेन्सरचे दोन भाग असतात : दारावर चुंबक बसतो, आणि चौकटीवरच्या भागात काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या असतात. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. लाकडावर साधारण दीड ते दोन सेंटीमीटर अंतर चालते. लोखंडी दार मात्र चुंबकाचे बरेचसे क्षेत्र स्वतःकडे ओढून घेते, म्हणून तेच अंतर निम्म्यावर येते आणि दार वाऱ्याने जरा हलले तरी संपर्क तुटतो. चुंबक आणि दार यांच्यामध्ये प्लास्टिकचा किंवा लाकडाचा सेंटीमीटरभर जाडीचा तुकडा घाला, अथवा लोखंडी दारांसाठीचा मोठ्या अंतराचा सेन्सर आणा.

जागाही पाहून घ्या. हा सेन्सर बिजागरीच्या बाजूला लावलेला मी अनेकदा पाहिला आहे. तिथे दार वीतभर उघडले तरी चुंबक जेमतेम सरकतो आणि पॅनलला पत्ताच लागत नाही. तो कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात असावा. दुहेरी चिकटपट्टीने लावत असाल तर जागा स्पिरिटने पुसा, ती पूर्ण वाळू द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. शक्य असेल तर स्क्रूच मारा.

प्रश्न : तारांच्या संचाबरोबर छोट्या रेझिस्टरची एक पुडी आली आहे. पॅनलच्या पेटीतच ते जोडले आणि सगळे चालू झाले. तरी एका परिचितांनी हे चूक आहे असे सांगितले. का?

उत्तर : आपल्या परिचितांचे बरोबर आहे. १८५३ साली ऑगस्टस पोप यांनी विजेच्या चोरसूचक घंटेचे पेटंट घेतले, तेव्हा दार उघडले की मंडल (विजेचा फिरण्याचा मार्ग) जोडले जाई आणि घंटा वाजे. अशा मांडणीत कोणी तार आधीच कापली तर घंटा मुकीच राहते. म्हणून आज उलटे करतात : मंडल सदैव जोडलेले असते आणि ते तुटले की अलार्म होतो. तरीही एक पळवाट उरते, दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकण्याची. ती बंद करण्यासाठी रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, असतो. पॅनल सतत तो ठरावीक अडथळा मोजत राहते. तार तुटली तर अडथळा अनंत होतो, तारा जोडल्या तर शून्य होतो, आणि दोन्ही वेळा पॅनलला गडबड कळते. पण रेझिस्टर पॅनलमध्येच बसवला, तर त्याच्यापुढच्या पूर्ण तारेत कोणी काहीही जोडले तरी पॅनलला आपला रेझिस्टर जागेवरच दिसतो. तो तारेच्या दुसऱ्या टोकाला, सेन्सरच्या आत बसवा. किती ओहमचा, हे पुस्तिकेप्रमाणेच. दुसऱ्या संचातला उसना घेऊ नका.

आपण तारा टाकतच आहात म्हणून आणखी एक हिशेब देतो. ०.२२ चौरस मिलिमीटरच्या तारेचा अडथळा मीटरला सुमारे ०.०८ ओहम पडतो. २५ मीटरवरच्या सेन्सरपर्यंत जाऊन-येऊन ४ ओहम. सेन्सर २० मिलिअँपिअर घेत असेल तर घट नगण्य आहे. परंतु ४०० मिलिअँपिअर घेणारा सायरन त्याच तारेवर लावला तर १.६ व्होल्ट वाटेतच जातात आणि बॅटरीवर असताना आवाज बसतो. सायरनला जाड तार टाका.

प्रश्न : आमच्याकडे वीज वारंवार जाते. तेवढ्या वेळात यंत्रणा बंद पडते का? आणि सगळे बसवून झाल्यावर ते नीट बसले आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : तारांच्या पॅनलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी असते. सगळी यंत्रणा मिळून २५० मिलिअँपिअर घेत असेल, तर कागदावर २८ तास येतात; बॅटरीचे वय आणि सायरनची गरज धरून मी त्याचे दोन-तृतीयांशच मोजतो. ही बॅटरी ३ ते ५ वर्षांत बदलावी लागते आणि उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून पॅनल छपराखालच्या तापणाऱ्या माळ्यावर ठेवू नका. बसवल्याची तारीख बॅटरीवरच लिहून ठेवा. पॅनलचा प्लग साध्या सॉकेटमध्ये ठेवल्यास घरातले कोणीतरी दुसरे काही लावायला तो काढतेच. त्याला कायमची स्वतंत्र जोडणी द्या, आणि ती जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. १२ व्होल्टची बाकीची कामे आपण करू शकता.

मोबाइलवर सूचना वायफायमधून येत असेल, तर वीज गेल्यावर राउटर बंद पडतो आणि सूचनाही थांबते. राउटरला छोटा यूपीएस जोडा किंवा सिमकार्डाचा मार्ग असलेले पॅनल घ्या. अनेक देशांत टूजी आणि थ्रीजी सेवा बंद झाल्या आहेत, तेव्हा ते फोरजीवर चालणारे असावे.

चाचणीसाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. कारखान्यातून आलेला सांकेतिक क्रमांक, बसवणाऱ्यासाठीचा वेगळा क्रमांक असतो तोसुद्धा, प्रथम बदला. मग पॅनल चाचणीच्या स्थितीत ठेवून प्रत्येक दार आणि खिडकी एकेक करून उघडा, प्रत्येक खोलीत चोर जिथून येईल तिथून चाला, आणि पॅनलवर नाव बरोबर खोलीचेच येते का ते पाहा. त्यानंतर मुख्य वीज बंद करून हेच पुन्हा करा. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला बाहेरून दार उघडून कीपॅडपर्यंत यायला सांगा. तिला चष्मा शोधून आकडे दाबायला ४० सेकंद लागत असतील, तर आत येण्याची मुदत, म्हणजे सायरन वाजण्यापूर्वी क्रमांक दाबायला मिळणारा वेळ, ३० सेकंदांची ठेवून चालणार नाही. रात्री घरात माणसे असताना फक्त दारे-खिडक्या जागत्या ठेवून खोलीतले सेन्सर वगळण्याची सोय असते, तीही त्याच संध्याकाळी सर्वांना करून दाखवा. सायरन आपोआप किती मिनिटांनी थांबतो हे घड्याळ लावून पाहा, कारण बाहेरचा सायरन किती वेळ वाजू द्यावा याला पुष्कळ ठिकाणी मर्यादा असते. पुढे दर महिन्याला एकदा अशी फेरी मारा, आणि बिनतारी संच असेल तर कोणत्या सेन्सरची बॅटरी कधी बदलली, ते पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहीत जा.