पर्यावरणातील सजीव आणि निर्जीव घटक एकमेकांवर कसा परिणाम करतात?

सजीव हे पाणी, प्रकाश, तापमान आणि माती यांवर अवलंबून असतात, एवढेच बहुधा सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु सजीवही निर्जीव परिसर घडवत असतात आणि माझ्या मते प्रश्नाचा अधिक महत्त्वाचा भाग तोच आहे. उघड्या खडकावर वाढणारे दगडफूल आम्ल स्रवते, त्यामुळे खडकाचा पृष्ठभाग सावकाश झिजतो आणि सुटलेल्या कणांत मृत दगडफुलाचे अवशेष मिसळून मातीचा पहिला पातळ थर तयार होतो, ज्यात पुढे इतर वनस्पती रुजतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असला तरी वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू त्याचे वनस्पतींना वापरता येणाऱ्या अमोनियात रूपांतर करतात. सर्वांत मोठे उदाहरण मात्र ऑक्सिजनचे आहे. सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जिवाणूंनी प्रकाशसंश्लेषणातून सोडलेल्या ऑक्सिजनमुळे प्राचीन समुद्रांत विरघळलेल्या लोहाचे ऑक्साइड होऊन ते तळाशी साचले, आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हा वायू वातावरणातही साठू लागला. लोहाचे ते थर आज खनिज म्हणून खणले जातात.