एमडीआर टीबी: सहा महिने की दोन वर्षं?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला (वय 26) एमडीआर टीबी निघालाय. डॉक्टर म्हणतात, फक्त गोळ्या, सहा महिने. शेजारच्या काकांना पूर्वी हाच आजार झाला होता. ते म्हणतात, दोन वर्षं लागतात आणि रोज इंजेक्शन. काकांना आता नीट ऐकू येत नाही, फार ओरडून बोलावं लागतं, म्हणून जास्त विचारता येत नाही. टीबीवर एवढं संशोधन होतं म्हणतात, मग दोघं वेगवेगळं कसं सांगतात? खरं कोणाचं?

उत्तर:

दोघांचंही. काका त्यांच्या वेळचं सांगतायत, डॉक्टर आजचं. मी स्वतः काकांच्या वेळची पेशंट. गेली काही वर्षं भांडुप-मुलुंडकडच्या पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटते. सरकारी भाषेत आम्हाला 'टीबी चॅम्पियन' म्हणतात. कसली स्पर्धा होती कोण जाणे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

2013 च्या पावसाळ्यात माझा खोकला जाईना. साध्या टीबीच्या गोळ्या चार महिने खाल्ल्या, वजन 37 किलोवर आलं, तेव्हा कुठे कुणाला बेडका कल्चरला (जंतू वाढवून कुठली औषधं लागू पडतात ते बघायला) पाठवायचं सुचलं. रिपोर्ट आला: आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन, दोन्ही रेझिस्टंट. एमडीआर म्हणजे एवढंच, टीबीवरची ही दोन मुख्य औषधं त्या जंतूला लागू पडत नाहीत.

मग आठवड्यातले सहा दिवस सकाळी हेल्थ पोस्टवर जाऊन कॅनामायसिनचं इंजेक्शन. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. दोन महिन्यांत दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी झाल्या. आई रात्री तव्यावर फडकं गरम करून शेकायची. सोबत गोळ्याही होत्या. त्यातल्या एथिओनामाइडने तोंडाला चोवीस तास गंजक्या पत्र्याची चव. सायक्लोसेरिनने झोप उडाली, आणि भाजी निवडता निवडता उगाच रडू फुटायचं.

चौथ्या महिन्यात कानात रातकिडे सुरू झाले. अशक्तपणा असेल म्हणून मी कुणाला बोलले नाही. एका दुपारी आई बाहेरच्या खोलीतून धावत आत आली, "अगं, सहा शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कोण करणार?" मी गॅससमोरच उभी होते. शिट्टी उडताना दिसत होती, वाफ दिसत होती, भाताचा वास येत होता. आवाज तेवढा नव्हता.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसासारख्या बारीक पेशी असतात. कॅनामायसिन त्यांना मारतं आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या चिरके, उंच आवाज टिपणाऱ्या. माझ्या कानाची पहिली तपासणी झाली ती कुकरच्या प्रसंगानंतर. इंजेक्शन थांबवलं, पण गेलं ते गेलं. एकूण 25 महिन्यांनी मला 'क्युअर्ड', म्हणजे बरी झाली, असा शिक्का मिळाला. बेडका निगेटिव्ह होता ना.

तुमच्या 'एवढं संशोधन होतं' याचं उत्तर मला त्या शिक्क्यात दिसतं. टीबीच्या संशोधनाने फार वर्षं मुख्यतः जंतू मोजले. जंतू गेला की पेशंट बरा. जाताना तो काय घेऊन गेला, याचा हिशोब बराच उशिरा सुरू झाला.

स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं औषध सापडलं 1943 मध्ये. ब्रिटनमध्ये त्याची जी चाचणी झाली आणि 1948 मध्ये छापून आली, ती वैद्यकशास्त्रात आजही नमुना म्हणून शिकवतात. 107 पेशंट, कुणाला औषध द्यायचं हे बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीवर ठरायचं. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकी 4 दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. औषध चालतं हे सिद्ध झालं. एकटं दिलं तर जंतू त्याला सरावतो हेही तिथेच कळलं, आणि आज तुमच्या भावाला एकदम चार औषधं देतात त्याचं मूळ तिथे आहे. पण नुसत्या विश्रांतीवर असलेल्यांना आपण कुठल्या चाचणीत आहोत हे सांगितलंच नव्हतं. शिवाय या औषधाने पेशंटना गरगरतं, त्याचा कानाशी संबंध आहे, हेही तेव्हाच नोंदवलं गेलं होतं. कॅनामायसिन त्याच कुळातलं, 1957 मध्ये जपानमध्ये सापडलेलं. म्हणजे माझ्या कानाला काय होऊ शकतं, हे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कागदावर होतं.

मग तरी ते देत का राहिले? कारण एमडीआरला दुसरं फारसं काही नव्हतं. दोन वर्षांचा तो उपचार साध्या टीबीच्या उपचारासारखा चाचण्यांमधून घडलेला नव्हता. हाताशी उरलेल्या जुन्या औषधांची मोट बांधली होती आणि अनुभवावर चालली होती. साध्या टीबीला औषधं आहेत, एमडीआरचे पेशंट बहुतेक गरीब देशांतले, त्यामुळे नव्या औषधात पैसा घालायची घाई कुणाला नव्हती. हे माझं मत.

चित्र पालटलं ते बेडाक्विलिन या नव्या गोळीमुळे. अमेरिकेत त्याला डिसेंबर 2012 मध्ये मान्यता मिळाली. भारतात 2016 पासून आधी मोजक्या सहा केंद्रांवर मिळायला लागलं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन एमडीआरसाठी वापरू नका असं सांगितलं आणि आपल्याकडेही ती इंजेक्शनं हळूहळू बंद झाली. पुढे टीबी-प्रॅक्टिकल नावाची चाचणी उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेत झाली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, 24 आठवडे, सगळ्या गोळ्या. निकाल 2022 मध्ये आले: जुन्या पद्धतीत 52 टक्के पेशंटना चांगला गुण आला, नव्या पद्धतीत 89 टक्के. भारत सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये ही पद्धत मंजूर केली. तुमचे डॉक्टर बहुधा हीच सांगतायत. ती सगळ्यांना चालत नाही. मेंदूचा किंवा हाडांचा टीबी असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर वेगळा आणि लांबचा उपचार असतो. म्हणून वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्याचं वेळापत्रक वेगळं दिसलं तर लगेच घाबरू नका.

बेडाक्विलिन स्वस्त होण्यात दोन पेशंटांचा हात आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या उपचारात गेली. जॉन्सन अँड जॉन्सनला या औषधाचं पेटंट आणखी वाढवून हवं होतं, त्याला या दोघींनी 2019 मध्ये भारतात हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. ती बातमी मी मोबाइलवर दोनदा वाचली.

आता तुमच्या भावाच्या कामाचं. चार गोळ्यांतलं लिनेझोलिड हे औषध नसांना त्रास देतं, डोळ्यांच्या नसांनाही. ज्या पहिल्या मोठ्या अभ्यासात (निक्स-टीबी, दक्षिण आफ्रिका, 109 पेशंट) ते रोज 1200 मिलिग्रॅम दिलं, तिथे 81 टक्के लोकांच्या हातापायांना मुंग्या, बधिरता असा त्रास झाला. जुन्या काळी कदाचित 'जीव वाचला ना?' म्हणून विषय संपला असता. इथे मात्र डोस किती खाली आणता येईल यासाठी वेगळी चाचणी घेतली. 600 मिलिग्रॅमवर 91 टक्के पेशंटना गुण आला आणि नसांचा त्रास 24 टक्क्यांवर उतरला. आज 600 देतात ते त्यामुळे. तर भावाला दर आठवड्याला स्वतःहून विचारा: तळपायाची आग होते का, चप्पल पायातून निसटली तर कळतं का, लाल-हिरवा नीट ओळखू येतो का. पेशंट सांगत नाहीत. औषध बंद करतील या भीतीने सांगत नाहीत, मीही रातकिडे लपवलेच होते. रक्ताची तपासणी आणि ईसीजी ठरल्या तारखेला होतायत का पाहा. त्रास झाला तर गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्याच दिवशी टीबी सेंटरवर जायचं.

त्याला घरात वेगळं ताट-वाटी दिली असेल तर ती परत मांडणीत लावा. टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो, आणि मुख्यतः उपचार सुरू होण्याआधी. यावर आपल्याच देशात अभ्यास झालाय. मद्रासला 1956 मध्ये सुरू झालेल्या टीबी संशोधन केंद्राने निम्मे पेशंट सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या पेशंटांना ठेवायच्या इस्पितळात) ठेवले आणि निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरात औषधं दिली. घरचे पेशंट तेवढेच बरे झाले, खाणं आणि विश्रांती कमी असूनही, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. आपल्याकडची जुनी माणसं मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमचं नाव घेतात, तिथे महिनोन्‌महिने राहायला लागायचं. तो काळ मागे पडला त्यात या मद्रासच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. एमडीआरमध्ये सुरुवातीला मास्क, उघडी खिडकी, वेगळं झोपणं एवढं पाळा. घरातल्या सगळ्यांची तपासणीही करून घ्या, लहान मुलं असतील तर आधी त्यांची.

आणि वजन. झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटना दरमहा तांदूळ, डाळ, सत्तू, दूध पावडर, तेल दिलं, काही गावांत घरच्यांनाही धान्य दिलं. ज्या घरच्यांना मिळालं त्यांच्यात टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं तर मृत्यूचा धोका निम्म्याहून खाली येतो, हेही त्यात दिसलं. औषध कंपनीच्या नाही, किराणा दुकानाच्या यादीतली ही गोष्ट, म्हणून मला ती फार आवडते. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात (आधी 500 होते). भावाचं बँक खातं जोडलंय का सेंटरवर विचारा. दर रविवारी त्याच काट्यावर वजन करा, कॅलेंडरवर लिहा. सत्तू मिळाला नाही तर शेंगदाणे, चणे, अंडी, काहीही. मळमळ होते तेव्हा एकदम जेवण वाढू नका, थोडं थोडं.

राहिले काका. वय हेही कारण असेल, पण इंजेक्शन 2018 च्या आधीची असतील तर ऐकू न येण्याचं कारण तेही असू शकतं. त्यांना कानाच्या तपासणीला न्या, मशीनचा उपयोग होईल. आणि त्यांच्याशी ओरडून बोलू नका. आमच्यासारख्यांना आवाज पोचतो, त्यातले स, श, फ गळतात. 'साखर' म्हटलं तर 'आकर' ऐकू येतं, तुम्ही ओरडलात तर तेच 'आकर' मोठ्याने येतं. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर येऊ द्या, सावकाश बोला. दोन वर्षांत त्यांनी काय काय खाल्लं आणि कसं निभावलं हे ते सगळं सांगतील. भावालाही सोबत न्या.