आयरिश शेतकरी पूर्वज शोधायचाय? आधी अमेरिकेतले कागद बघा

अमेरिकेत येऊन शेती करणाऱ्या सासरच्या आयरिश खापरपणजोबांचा शोध घेताय, हे वाचून फार आनंद झाला. माझा एकच आग्रह आहे: लगेच आयर्लंडच्या नोंदींत शिरू नका. नुसतं ‘काउंटी कॉर्क’ (म्हणजे फक्त जिल्हा) हाती असेल तर त्याच नावाची माणसं ढिगाने सापडतील. तुम्हाला हवी आहे ती टाउनलँड (जमिनीचा सर्वांत लहान विभाग, आपल्या वाडीसारखा), निदान पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) तरी. तिचं नाव बहुतेक वेळा अमेरिकेतच मिळतं: थडग्यावरचा दगड, चर्चमधली लग्नाची नोंद, स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्ता.

शिवाय ते शेतकरी होते, ही जमेची बाजू. 1862 च्या होमस्टेड कायद्याने (कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा अमेरिकन कायदा) जमीन घेणाऱ्याला नागरिक असल्याचा, किंवा होणार असल्याचा पुरावा द्यावा लागे. त्यामुळे जमिनीच्या फाइलीत नागरिकत्वाचे कागद सापडू शकतात. ही फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येते. नक्की मागवा!

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- आडनावाचं एकच स्पेलिंग धरून बसणं. ‘ओसलिव्हन’मधला ‘ओ’ कधी असतो, कधी नसतो.
- जनगणनेतलं वय अचूक मानणं. पाच-सात वर्षं इकडेतिकडे धरूनच शोधा.
- दुसऱ्याचा ऑनलाइन वंशवृक्ष पुरावा न बघता उतरवणं.

1901 पूर्वीच्या आयरिश जनगणनेचं फार थोडं उरलंय. बरंचसं 1922 मध्ये डब्लिनला जळालं. पण ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये (आयर्लंडमधली कर आकारणीसाठीची जमीन-मोजदाद, 1847 ते 1864) जमीन कसणाऱ्यांची नावं टाउनलँडनिहाय आहेत, तीही मोफत. टाइथची (चर्चला द्यायच्या कराची) पुस्तकं, भाडेपट्टे सध्या राहू द्या. पॅरिश कळली की लिहा, पुढचं तेव्हा सांगते.