पिस्तुलाआधी दार बघ

नेरूळ, सोमवार

चि. कॅडेटास, अनेक आशीर्वाद.

'पायलटकडे पिस्तूल असावं का?' या मुलाखतीच्या प्रश्नावर तू लिहिलंस, 'नको, गोळीनं भोक पडलं की विमान फुग्यासारखं फुटतं.' उत्तर बरोबर, कारण चूक. केबिनच्या आतल्या-बाहेरच्या दाबात साधारण 8 पीएसआयचा (दर चौरस इंचाला 8 पौंड) फरक असतो आणि शेपटीकडचा आउटफ्लो व्हॉल्व्ह (हवा सोडणारी झडप) एरवीही हवा बाहेर सोडतच असतो. बोटाएवढं भोक पडलं तर तो तेवढा मिटतो, दाब टिकतो. भीती आहे ती दाटीची. दोन खुर्च्यांत हातभर अंतर, डोक्यावर पॅनेल, मागे सर्किट ब्रेकर. नेम चुकला तर सहकारी जाईल किंवा यंत्रणा.

अमेरिकेनं 2002 मध्ये कायदा करून स्वेच्छेनं पुढे येणाऱ्या पायलटांना सरकारी पिस्तूल द्यायला सुरुवात केली. पहिली तुकडी एप्रिल 2003 मध्ये तयार झाली. पण ते पिस्तूल फक्त कॉकपिट राखण्यासाठी, केबिनमध्ये जाऊन लढायला नाही. हे मुलाखतीत आवर्जून सांग, बहुतेक जण विसरतात.

पुढे 22 मार्च 2008 ला डेन्व्हरहून शार्लटला निघालेल्या विमानात उतरण्याच्या सुमारास कॉकपिटमध्येच गोळी सुटली. पायलट पिस्तूल आवरून ठेवत होता. त्या होल्स्टरला (पिस्तुलाच्या म्यानाला) ट्रिगरजवळ भोक होतं, त्यातून कुलूप घालायचं. पिस्तूल पूर्ण आत बसलेलं नसेल तर कुलपाची कडी ट्रिगरवर येते आणि ढकलली की गोळी सुटते. गोळी भिंतीतून पार गेली, विमान सुखरूप उतरलं. (फुग्याचं काय ते इथेच मिटलं.) हत्यार रोज काढा-ठेवायचं म्हटलं की अपहरणकर्ता नसतानाही धोका रोजचाच होतो.

समर्थकांचा मुद्दा कमकुवत समजू नकोस. दार फुटलंच तर हातात काय, हा प्रश्न रास्त आहे. पण 1999 च्या आयसी 814 विमानाच्या अपहरणाच्या वेळी आजच्यासारखं गोळी अडवणारं, आतून बंद राहणारं दार नव्हतं. ते 2001 नंतर आलं. आता नाजूक क्षण एकच, दार उघडण्याचा. पायलटला टॉयलेटला जायचंय? आधी इंटरफोन. पुढची गॅली (खाण्यापिण्याची जागा) मोकळी, टॉयलेट रिकामं, पडदा ओढलेला, ट्रॉली आडवी लावून ब्रेक मारलेला. मग क्रूपैकी एक जण आत, पायलट बाहेर, दार लगेच बंद. परत येताना हेच, आणि कॅमेऱ्यात किंवा भोकातून ओळख पटल्यावरच. घाईत ट्रॉली राहते, तिथे खरी चूक होते.

या दाराची दुसरी बाजूही लिही. 24 मार्च 2015 ला जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकानं कॅप्टनला बाहेर ठेवून दार आतून लॉक केलं आणि विमान मुद्दाम पाडलं. 150 जण गेले. अशा माणसाच्या कमरेला पिस्तूल असतं तर दुसरा पायलट खुर्चीत असूनही काय करणार होता?

आपल्याकडे तपासणीला सीआयएसएफ आणि निवडक फेऱ्यांवर एनएसजीचे स्काय मार्शल. पायलटनं विमान उडवायचं, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) 7500 हा अपहरणाचा कोड लावायचा आणि जवळचा रनवे शोधायचा.

गुरुवारी ठाण्याहून येताना ए320 च्या दाराच्या स्विचचं चित्र काढून आण. अनलॉक, नॉर्म (म्हणजे नेहमीची स्थिती), लॉक. लॉक केल्यावर बाहेरचा कीपॅड किती वेळ बंद राहतो, तेही शेजारी लिही.

कळावे.