जुन्या गाडीत बाहेरून स्वस्तातलं क्रूझ कंट्रोल बसवावं का? नागपुरात कोणी बसवलंय?

मी बसवलंय. २००८ची पेट्रोल वॅगनआर, केबलचा थ्रॉटल (पेडलच्या केबलने उघडणारी इंजिनची हवेची झडप), साधा गिअर. तुमची गाडी २००९ची आहे, नागपूरहून समृद्धीने संभाजीनगरला नेहमी जावं लागतं आणि सगळ्यात स्वस्त काय मिळेल असं तुम्ही विचारलंय. बसवा, जरूर बसवा. पण स्वस्त-महाग नंतर. क्रूझ म्हणजे पेडलवर पाय न ठेवता गाडीचा वेग कायम धरणारं यंत्र. क्रूझ वेग धरतं कसं हे सगळे विचारतात, ते सोडतं कसं हे कोणी विचारत नाही. माझ्या मते तेवढं एकच विचारण्यासारखं आहे.

बाजारात हजार-दोन हजारात जे मिळतं त्यातलं बरंचसं क्रूझ नसतंच. डॅशबोर्डखाली एक नॉब, त्याला केबल, केबल थ्रॉटलला. नॉब ओढला की थ्रॉटल तिथेच अडकतो. त्याने वेग कायम राहत नाही, थ्रॉटल कायम राहतो. पुलाची चढण आली की गाडी मंदावते, उतरताना आपोआप पळते. आणि ब्रेक दाबला तरी थ्रॉटल उघडाच. असलं काही फुकट दिलं तरी लावू नका. दुसरी ती पेडलच्या वायरिंगमध्ये बसणारी छोटी डबी. तिने इलेक्ट्रॉनिक (केबलऐवजी वायरवर चालणाऱ्या) पेडलचा प्रतिसाद फक्त तिखट होतो, वेगाशी तिचा संबंध नाही.

आता माझं सांगतो, कारण या विषयावर आमच्या घरात बरीच वर्षं वाद चालू आहे. माझ्या उजव्या घोट्यात जुन्या फ्रॅक्चरची प्लेट आहे. मुलगी संभाजीनगरला दिलेली. पूर्वी अमरावती, अकोल्याकडून जायचो तेव्हा दर थोड्या वेळाने गाव, गतिरोधक, ट्रकची रांग. पाय सतत हलता राहायचा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि माझा त्रास उलट वाढला. पाय एकाच कोनात तासन्‌तास धरून ठेवायचा. वर्धा मागे पडेपर्यंत घोटा ठणकायला लागायचा आणि मग लक्ष रस्त्यावर कमी, पायावर जास्त.

मी क्रूझचं बोललो तेव्हा आमचे साडू म्हणाले, "भाऊ, पाय रिकामा झाला की माणूस झोपते. अन् जुन्या गाडीत बाहेरचा माल कशाला घालून राहिले तुम्ही?" ते दर दिवाळीला हेच म्हणतात. हे यंत्र आळशांसाठी निघालं असं त्यांचं ठाम मत आहे. ज्याने ते शोधलं तो राल्फ टीटर हा अमेरिकन इंजिनिअर लहानपणापासून आंधळा होता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की हळू व्हायचा आणि ऐकायला लागला की वेग वाढवायचा. त्या हिसक्यांनी बेजार होऊन टीटरने हे डोक्यात घेतलं असं सांगतात. १९५०मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५८मध्ये ते क्रायस्लरच्या गाड्यांत आलं. ज्याला गाडी चालवताच येत नव्हती त्याने ते केलं. यात आळस कुठे आला?

मी घेतलेलं किट व्हॅक्यूमवर चालणारं आहे. इंजिनच्या मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या नळीतून) व्हॅक्यूम घेतं, ड्राइव्ह शाफ्टवर बसवलेल्या चुंबकांवरून वेग मोजतं आणि एका डायफ्रामने (रबरी पडद्याने) थ्रॉटलची केबल हळूहळू ओढत-सोडत राहतं. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका मिस्त्रींनी बसवलं. शाफ्टवरचं चुंबक आणि ते ओळखणारा सेन्सर (पिकअप) यांतलं अंतर जुळवायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. क्लचचा स्विचही त्यांनी आग्रहाने टाकला. तो नसेल तर क्रूझ चालू असताना क्लच दाबला की थ्रॉटल उघडा राहतो आणि इंजिन किंचाळत वर जातं. ऑटोमॅटिक गाडीसाठीचं किट साध्या गिअरच्या गाडीत तसंच बसवून देणारे लोक आहेत, त्यांच्यापासून दूर राहा.

छान चाललं. नव्वदवर लावायचो, डावीकडची लेन धरायची. मग एकदा पार्किंगमध्ये कोणीतरी मागचा दिवा फोडला. दिवा बदलला, दुकानदाराने उजेड जास्त म्हणून ब्रेकला एलईडी बल्ब टाकून दिले. त्यानंतर क्रूझ लागेनाच. बटण दाबलं, दिवा लागला, सेट केलं, काही नाही. जिथून किट घेतलं होतं ते म्हणाले युनिट गेलं, नवीन घ्या. साडूंना कळलं. "म्हटलं होतं नं!" हे वाक्य त्या आठवड्यात मी फार ऐकलं.

वाडीच्या मिस्त्रींनी गाडी पाहिली, मीटर लावला आणि विचारलं, "मागचे बल्ब कधी बदलवले जी?" सांगितलं. त्यांनी गल्ल्यातून साधे जुने बल्ब काढून बसवले, मला अमरावती रोडवर घेऊन गेले, आणि क्रूझ पहिल्याच वेळी लागलं. म्हणाले, "युनिटला काहीच नाही झालं. तिला ब्रेक दिसून नव्हता राहिला."

झालं होतं असं: असल्या युनिटची एक वायर ब्रेक लाइटच्या वायरला जोडलेली असते. ब्रेक दाबलेला नसताना त्या वायरला साध्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ (अर्थिंग) मिळतो, युनिट तो तपासतं. एलईडीमधून तसा अर्थ मिळत नाही. मग ब्रेकची वायर तुटली असं समजून ते कामच सुरू करत नाही. म्हणजे दोन्ही बल्ब उडाले, वायर कुरतडली गेली, तरी ते लागणार नाही. आमचे साडू ज्याला बाहेरचा माल म्हणत होते तो शंका आली तर काम नाकारणारा माल आहे. त्यांच्या शेतावरच्या जुन्या जीपला ओढायच्या नॉबचा हँड थ्रॉटल आहे, तो कधीच काही नाकारत नाही, आणि त्याला मात्र ते भरवशाचं म्हणतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, इथेही लिहून ठेवतो.

बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी मिस्त्रीसोबत रिकाम्या रस्त्यावर जा. साठवर सेट करा. ब्रेकवर पाय नुसता टेकवा, इतकाच की दिवा लागेल. क्रूझ तिथेच सुटलं पाहिजे. मग क्लचवर तेच, मग बटणावर. बंद केल्यावर थ्रॉटल स्वतःच्या स्प्रिंगने पूर्ण मागे येतो का, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. केबलला थोडी ढील हवी, नाहीतर आयडलिंग वाढतं. एलईडी ठेवायचेच असतील तर रिले टाकून घ्या. आणि व्हॅक्यूमचा रबरी पाइप दर उन्हाळ्याआधी तपासा. आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, बॉनेटखाली रबर तडकतं.

पावसात वापरू नका. ओल्या रस्त्यावर चाक घसरलं तर हे यंत्र थ्रॉटल आणखी उघडायला बघेल. घाटातही नको, सिवनीकडे जाताना कुरईला मी ते बंदच ठेवतो. चढावर थ्रॉटल जास्त उघडला की व्हॅक्यूमच कमी होतो आणि उतारावर हे ब्रेक लावत नाही. समृद्धीवर १२०ची मर्यादा आहे म्हणून जुनी गाडी १२०वर लावायची नाही. टायर किती जुने आहेत ते आधी बघा. झोपेबद्दल साडूंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सरळ रस्त्यावर गुंगी येते, क्रूझ असो वा नसो. मी जेवणानंतर आणि रात्री लावत नाही, आणि वाटेत उतरून चालतो.

तुमच्या गाडीचं पेडल इलेक्ट्रॉनिक असेल तर माझं किट तुमच्या कामाचं नाही. तेव्हा आधी तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये कंपनीचं क्रूझ येत होतं का ते विचारा. काही गाड्यांत कॉम्प्युटरला ते आधीच ठाऊक असतं, नुसते स्विच बसवून आणि चालू करून भागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, त्यामुळे विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. मी विचारलं होतं.

खर्च विचारला होतात. माझ्या किटला जेवढे गेले त्याच्या जवळपास मजुरीला आणि वायरिंगला गेले. किटमध्ये वाचवायचे तर वाचवा, मजुरीत घासाघीस करू नका.